तीस ओळींच्या तक्त्यात कोरी ओळ एकही नाही

काका, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय २८. घरची अडीच एकर द्राक्षबाग वडील आणि मी बघतो. कॉलेजपासून डोक्यात एकच आहे, बाइकवरून लडाख. यंदा महिनाभर मोकळा काढायचाच असं ठरवलंय. खरड छाटणी उरकली की एप्रिलअखेर निघायचं आणि मे संपता संपता परत यायचं. बाइक २०१८ ची, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली, टायर ट्यूबचे, ४४ हजार किलोमीटर पळालीय. सोबत विट्याचा मित्र आहे, त्याची साडेतीनशे सीसी, तो व्हिडिओ बनवतो. तक्ता करून जोडलाय. तासगाव ते दिल्ली तीन दिवस, मग मनाली, लेह, खारदुंगला, पँगाँग, श्रीनगर, येताना स्पिती आणि राजस्थान. तीस दिवस, साडेसहा हजार किलोमीटर. तंबूत राहायचंय, ट्रेक करायचेत, राफ्टिंग पण. बजेट साठ हजार. प्रश्न तीन. कर्ज काढून मोठी ॲडव्हेंचर बाइक घेऊ का? ऑनरोड साडेतीन लाखांपर्यंत जाते. तक्त्यात काही चुकतंय का? आणि आईला काय सांगू? ती म्हणते, आधी लग्न कर, मग बायकोला घेऊन कुठं जायचं तिथं जा.
– ‘एमएच १०’, तासगाव तालुका

एमएच १०,

पत्रात ‘काका’ म्हणालास, तेव्हा मीही सरळ ‘तू’ म्हणतो.

तक्ता नीट वाचला. मेहनत घेतली आहेस. मुक्काम, अंतर, पंप, ढाबे, सगळं रकान्यात आहे. पण तीसच्या तीस ओळींत डावीकडं एक गाव आणि उजवीकडं दुसरं. सकाळी जिथं उठलास तिथंच संध्याकाळी झोपलास, असा महिन्यात एकही दिवस नाही. मग ट्रेक कधी करणार? राफ्टिंग कधी? तंबू कशाला नेणार, रात्री आठला ठोकून पहाटे पाचला गुंडाळायला? पत्रात तू डोंगर, नदी, तंबू लिहिलंस आणि तक्त्यात नुसते किलोमीटर उरले. साडेसहा हजार भागिले तीस म्हणजे रोजचे सव्वादोनशेच्या आत, असं म्हणून तू खूश झाला असशील. सपाटीवर ते काहीच नाही. वर खडी, ओढे, लष्कराच्या ताफ्यामागं रखडणं आणि विरळ हवा असते, तिथं दीडशे किलोमीटरमध्ये दिवस संपतो.

मला सांगायचंय ते एवढंच आहे. आधी थांबायचे दिवस ठरव आणि रस्ते त्यांच्या मधे बसव. बागेत तू तारीख बघून फवारत नाहीस. पान उलटून बघतोस, आभाळ बघतोस, मग ब्लोअर बाहेर काढतोस. प्रवासालाही तेवढीच ढील दे.

आता तारीख. एप्रिलअखेर साफ विसर. पहिलं कारण बाग. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत पुढच्या हंगामाचे घड काडीवरच्या डोळ्यात ठरतात. सबकेन (काडी खुडून बगलफूट घेणं), शेंडा मारणं, विरळणी, सगळं तेव्हाच येतं. हे मी तुला शिकवावं असं नाही, पण तू लिहिलेली तारीख बघून तुझे वडील का गप्प बसलेत ते मला कळलं. दुसरं कारण बर्फ. मनाली-लेह रस्ता सीमा रस्ते संघटना बर्फ कापून उघडते आणि तो बहुतेक वर्षी मे महिन्यात, कधी त्याच्याही शेवटाला खुला होतो. एप्रिलअखेर मनालीला पोचशील आणि बॅरिकेड उघडायची वाट बघत बसशील. तिसरं, मे अखेरीला राजस्थानातून हेल्मेट घालून परत येणं म्हणजे भट्टीत डोकं घालणं. ती हौस नको.

जा ऑगस्टच्या शेवटी. राखी पौर्णिमा होऊ दे. अमरनाथची यात्रा साधारण तिथपर्यंत चालते आणि तेवढे दिवस जम्मू-श्रीनगर रस्त्यावर बंदोबस्त आणि वाहनांची रोखाठोकी असते. सप्टेंबरात लडाखचं आभाळ स्वच्छ, ओढ्यांचं पाणी उतरलेलं, गर्दी पांगलेली. रात्री थंडी असते, पण सोसवते. तोवर बागेत काडी पिकलेली असते, बोर्डोच्या फवारणीचे हात तेवढे राहतात. ते चुलतभावाकडं किंवा मजुरावर सोपवता येतात. ऑक्टोबर छाटणीच्या आठ दिवस आधी तू घरी पाहिजेस. ही तारीख दगडावरची रेघ समज, कारण अशा प्रवासात अपघात होतात ते शेवटच्या आठवड्यातल्या घाईत. ‘उद्या पोचलंच पाहिजे’ म्हणून माणूस अंधारात गाडी हाणतो आणि खड्डा दिसत नाही.

यातली गोम सांगून टाकतो. राखीनंतर सतरा ते वीस दिवसांत गणपती बसतात, म्हणजे गणपतीत तू घरी नसणार. आईचा सगळ्यात मोठा राग लग्नावर नसून यावर निघेल. ते तिला आताच सांग, बॅगा बांधताना नको.

पुढचं, तासगाव ते दिल्ली. सोळाशे-साडेसोळाशे किलोमीटर तू तीन दिवसांत धरलेत. दीडशे सीसीवर, सामान लादून, पावसात, चहा-जेवणाचे थांबे धरून दिवसाला साडेतीनशे-चारशे झाले तरी पुष्कळ. म्हणजे पाच दिवस. येताना पुन्हा पाच. एक तृतीयांश महिना ट्रकच्या मागच्या पाट्या वाचण्यात जाईल आणि डोंगर लागेपर्यंत पाठीचा काटा ढिला झालेला असेल. त्यात तुझ्या तक्त्यातला दौसा ते सोहना हा पट्टा मोबाइलनं दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेवरून दाखवलाय. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. नकाशात वरचं चिन्ह कारचं ठेवलंस, दुचाकीचं निवड म्हणजे असले बरेचसे रस्ते गळतील.

माझा सल्ला, बाइक मिरजेतून रेल्वेनं पाठव. गोवा एक्सप्रेस मिरज, सांगली, सातारा करत थेट हजरत निजामुद्दीनला जाते. पार्सल ऑफिसात आरसीची आणि ओळखपत्राची झेरॉक्स, टाकी पूर्ण रिकामी आणि बाइकला गोणपाटाचं नीट पॅकिंग. पॅकिंग करणारे स्टेशनच्या बाहेरच भेटतात, पण आरसे, इंडिकेटर आणि क्रॅशगार्डवर लटकवलेलं सगळं घरीच काढून बॅगेत भर. त्यांच्या भरवशावर ठेवू नकोस. बाइक तू बसलास त्याच गाडीतून येईल अशी खात्री कुणी देत नाही, म्हणून दिल्लीत एक दिवस मोकळा धर. चढवण्याआधी बाइकचे चारी बाजूंनी फोटो आणि किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढून ठेव.

तुला वाटेल, मग आपल्या दारातून निघून लडाख केल्याचं समाधान कुठं राहिलं? बरोबर आहे. एमएच १० ची पाटी स्वतःच्या चाकांवर खारदुंगलापर्यंत नेण्यात मजा आहेच, ती मी नाकारत नाही. तसं असेल तर जाताना रेल्वे, येताना रस्ता. परतताना अंगात किती दम उरलाय आणि छाटणीला किती दिवस आहेत हे दोन्ही तुला कळलेलं असेल. दिल्लीत उभा राहून ठरव.

स्पिती आणि राजस्थान काढून टाक. स्पिती चांगलीच आहे, म्हणूनच तिला वेगळा पंधरवडा दे. राहिलं काश्मीर आणि लडाख, आणि महिन्याला तेवढं भरपूर आहे. दिशाही उलटी कर. तू मनालीकडून चढतोयस, मी म्हणतो श्रीनगरकडून चढ आणि मनालीकडून उतर. कारण उंची. मनाली दोन हजार मीटरवर, आणि तुझ्या तक्त्यात दुसऱ्याच रात्री सरचूला मुक्काम, म्हणजे जवळजवळ ४,३०० मीटर. सपाटीवरच्या माणसाला ती रात्र उलट्या आणि डोकेदुखीत जाते. नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच काढावा. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आसपास, कारगिल सत्तावीसशेच्या, लेह साडेतीन हजार. पायरी-पायरीनं जाता येतं. मनालीची बाजू येताना घेतलीस की तांगलांगला, लाचुंगला, बारालाचा या खिंडींचे सगळे चढ विरळ हवेला रुळलेल्या अंगानं पार होतील आणि हिमाचलातला पाऊसही तोवर ओसरत आलेला असेल.

लेहला पोचलास की दोन दिवस काहीही करायचं नाही. बाजारात चक्कर, थुक्पा (नूडल्सचं गरम सूप), झोप. तुझा मित्र दुसऱ्या दिवशीच खारदुंगला म्हणून नाचेल, त्याला बसव. त्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. बाय द वे, जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलंय, जीपीएसनं मोजल्यावर उंची १७,५८२ फूट भरते. फोटो पाटीसकट काढा, कुणी अडवत नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं विचारशील, म्हणून सांगतो. डायमॉक्स घ्यायची तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगून. डोकं दुखणं, झोप न येणं, भूक मरणं इतपत चालतं, तिथंच थांबायचं. पण चालताना झोक जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात घरघर आली तर रात्र आहे की दिवस हे न बघता खाली उतरायचं. गोळी घेऊन ‘सकाळी बघू’ असं करायचं नाही.

दोन दिवसांनंतर खरी मजा. बाइक लिकीरला एखाद्या घराच्या अंगणात लाव आणि तिथून तेमिसगामपर्यंत चालत जा. तीन दिवसांचा ट्रेक आहे, शाम व्हॅलीचा. गावागावांत होमस्टे मिळतात, त्यामुळं पाठीवर फार ओझं लागत नाही. त्या बाजूनं जव काढायचं काम चाललेलं असेल. शेतकऱ्याच्या पोराला त्यात फोटोपलीकडचं बरंच दिसेल. मग एक दिवस झांस्करवर राफ्टिंग, चिलिंगहून निमूपर्यंत. निमूला झांस्कर सिंधूला मिळते आणि दोन रंगांची पाणी काही अंतर शेजारी-शेजारी वाहतात. त्यानंतर नुब्राचं खोरं आणि मगच पँगाँग, हा क्रम मोडू नकोस. नुब्रातलं दिस्कीत लेहपेक्षा खाली आहे, पँगाँग बरंच वर. या भागाच्या परवान्याचे आणि शुल्काचे नियम बदलत राहतात, ते लेहच्या सरकारी पोर्टलवर निघायच्या आठवड्यात बघ, जुन्या व्हिडिओवर विसंबू नकोस. या सगळ्यात मधे-मधे मिळून चार दिवस कोरे ठेव. त्यांना नाव देऊ नकोस. दरड कोसळली, ताप आला, एखादं गाव आवडलं, त्यात ते आपोआप खर्ची पडतात.

ओढे सकाळी पार करायचे. दुपारी ऊन लागून बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चारला गुडघ्यापर्यंत येतं. आधी चालत जाऊन तळ बघ. गोटे कुठं आहेत ते पायाला कळतं, डोळ्याला कळत नाही. पहिल्या गिअरमध्ये, एक्सलरेटर एकसारखा धरून जायचं, मधे क्लच दाबायचा नाही.

आता बाइकचा प्रश्न. नको. कर्ज काढू नकोस. द्राक्षाच्या धंद्यात एक अवकाळी पाऊस सगळा हिशेब फिरवतो, हप्ता मात्र फिरत नाही. शिवाय त्या बाइक दोनशे किलोच्या घरातल्या. वाळूत नाहीतर ओढ्यात आडवी झाली की पंधरा हजार फुटांवर ती उचलताना डोळ्यांपुढं काजवे चमकतात. तुझी दीडशे तू एकटा उभी करशील. ती वर धापा टाकेल, हे खरं. कार्बोरेटरला उंची कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल तेवढंच सोडतो, मग मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा पडतो, पिकअप मरतो. एअर फिल्टर नवा टाक, जास्तीचा प्लग ठेव आणि मिश्रणाचा स्क्रू किती फिरवायचा ते मिस्त्रीकडून समजून घे. खिंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाशील. जाऊ दे, मागं कुणी बसलेलं नाही, घाई नाही.

साडेतीन लाखांतले वीस-पंचवीस हजार या जुन्या बाइकवर घाल. चेन-स्प्रॉकेट नवं, हँडलचा कोनसेट, दोन्ही चाकांची बेअरिंगं, क्लचप्लेट, पुढच्या फोर्कचे ऑइल सील, टायर-ट्यूब, बॅटरी. सगळं जूनमध्येच कर, म्हणजे निघण्याआधी हजारभर किलोमीटर चालवून कुठं काय वाजतंय ते कळेल. आदल्या दिवशी गॅरेजातून काढलेली बाइक घेऊन लांबच्या पल्ल्याला जाऊ नये. क्लचची नवी केबल बॅगेत ठेवण्यापेक्षा जुनीच्या शेजारून आत्ताच ओवून दोन जागी टायनं बांधून ठेव. तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची. बोटं गारठलेली असताना टाकी उचलून केबल ओवणं किती जिवावर येतं, हे तिथं गेल्यावर कळतं.

आणि चाक काढायला शिक. मिस्त्रीला अर्ध्या दिवसाची मजुरी दे आणि त्याला सांग, मी करणार, तू खुर्चीवर बसून नुसतं बघ. डबल स्टँड लाव, मागच्या चाकाच्या ॲक्सलचा नट सोडव. कंपनीच्या टूलकिटातला पाना त्याला पुरतोच असं नाही, हे इथंच कळेल. चेन ॲडजस्टरच्या खुणा कितव्या रेघेवर आहेत त्याचा फोटो काढ. ॲक्सल ओढलास की एक छोटा लोखंडी बुश टुपकन मातीत पडेल. तो डावीकडचा की उजवीकडचा, हे तुला आठवणार नाही. कुणालाच आठवत नाही. म्हणून खाली जुनी साडी अंथरायची आणि निघेल ते निघेल त्या क्रमानं त्यावर मांडायचं. मग टायर पायानं दाबून रिमपासून सुटा कर, लिव्हरनं काढ, ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोध, टायरच्या आतून हात फिरवून खिळा काढ. परत बसवताना लिव्हरखाली नवी ट्यूब चिमटून पहिल्या खेपेला पंक्चर होणारच. होऊ दे, मिस्त्री हसेल. पुन्हा कर. तीन वेळा जमलं की तू तयार.

जुलैत एक रंगीत तालीम कर, अगदी लडाखला नेणार तेवढं सगळं सामान लादून. तासगावहून कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. मग किनाऱ्यानं रत्नागिरी आणि आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे घरी. तीन रात्री पुरे. तासगावच्या पावसावर वाढलेल्या माणसाला कोयनेचा पाऊस म्हणजे काय ते कुंभार्लीत समजतं. धुकं, ट्रक, वळणं आणि हेल्मेटच्या काचेच्या आतून बाहेरून पाणी. दरडीचा इशारा असेल त्या दिवशी मात्र घरी बस. बॅगेत काय भिजतं, काय खालीच राहून तीन दिवस लागतच नाही, सामान बांधायचा कोणता बंजी दोर ढिला पडतो, दोन तासांनी कुठं दुखतं, हे सगळं याच खेपेत उघड होतं. तंबू एकदा तरी पावसात ठोक, पण कोयना-चांदोलीच्या जंगलात नको, तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. एखाद्या घरमालकाला विचारून त्याच्या अंगणात. परत आल्यावर सामानातला तिसरा हिस्सा घरी राहील.

सामानाची यादी मागितलेली नाहीस आणि यूट्यूबवर ती रग्गड आहे. दोन-तीन गोष्टी तेवढ्या. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. राइडिंगच्या ग्लोव्हजवर चढतील असे भांडी घासायचे मोठे रबरी हातमोजे घे, पावसात त्यांच्याइतकं कामाला काही येत नाही. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड करून घे. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये असू देत, पण नेटवर्क नसेल तिथं कागदच दाखवावा लागतो. विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते बघ, नुसत्या थर्ड पार्टीत तुझ्या स्वतःच्या जिवाला संरक्षण नसतं. आणि लेहहून मनालीकडं निघताना लेहजवळच्या कारूला टाकी काठोकाठ भर. मनालीच्या बाजूच्या टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ अशी पाटी प्रसिद्ध आहे, तू तेच अंतर उलट्या बाजूनं येणार आहेस. पाच लिटरचा चांगल्या झाकणाचा कॅन ठेव, कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल नको.

पैसे. साठ हजार ओढाताणीचे आहेत. पेट्रोलला दहा-बारा हजार पुरतील, दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही. राहणं-खाणं दिवसाला हजार-बाराशे धर. रेल्वे, राफ्टिंग, ट्रेक वेगळे. पंच्याहत्तर कर आणि त्यातले पंधरा हजार अशा खात्यात ठेव की ज्याचं कार्ड तुझ्या पाकिटात नाही, सामानाच्या तळाशी आहे.

मित्राबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण मला सगळ्यात जास्त धाकधूक तिथंच वाटली. त्याची साडेतीनशे, तुझी दीडशे. त्याला व्हिडिओसाठी दहा ठिकाणी थांबायचंय, तुला चालायचंय. शत्रुत्व नको असेल तर निघण्याआधी चहावर बसून चार गोष्टी बोलून घ्या. पुढं कोण राहणार (हळू बाइकवाला पुढं, म्हणजे तू). खर्च कोण लिहिणार. एकाला उंची लागली तर दुसरा त्याच्यासोबत खाली उतरणार, हे दोघांना मान्य आहे का. चार दिवस वेगळे फिरलो तर चालेल का. शेवटच्याला तो ‘हो’ म्हणाला तर तो चांगला सोबती आहे. आणि ड्रोन आणतोय का ते विचार. सीमेलगत परवानगीशिवाय उडवला तर रात्र चौकीत जाईल, तुझीही.

राहिली आई. लग्नाचा विषय वेगळा ठेव. त्यावर साताऱ्यात बसूनसुद्धा तुझ्या आईच्या विरुद्ध लिहायची माझी छाती नाही. तिची भीती मात्र रास्त आहे आणि ती ‘काही होत नाही गं’ म्हणून जात नाही. तिला माणसं पाहिजेत. तुमच्या भागाला एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या पोरांकडं नसते. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळायला पसरलेत. दिल्लीत, पंजाबात तुमच्या भावकीतलं, निदान तुझ्या मित्राच्या भावकीतलं कुणीतरी नक्की निघेल. त्यांची नावं-नंबर आईला स्वतःला काढू दे. आत्याला फोन, मामाला फोन, ती एका दुपारी यादी करेल. मग तो कागद फ्रिजवर चिकटव. त्यावर मुक्काम, तारखा, मित्राच्या घरचा नंबर आणि ११२. रोज रात्री आठला फोन. पण हेही आधीच सांग की सरचूसारख्या ठिकाणी एक-दोन रात्री फोन लागणार नाही, आणि त्या कोणत्या रात्री ते कागदावर लिही. सांगून ठेवलेल्या दिवशी फोन आला नाही तर ती घाबरत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही आला नाही तर कुणाला कळवायचं, ते नाव खाली.

वडिलांशी बोलताना लडाखचं नावही काढू नकोस. बोर्डो कोण फवारणार, मोटर कोण चालू-बंद करणार, मजुरांचे पैसे कुणाकडं, एवढंच बोल. त्याची उत्तरं तुझ्याकडं असतील तर ते स्वतःच विचारतील, जायचं कधी म्हणून.

नवा तक्ता पाठव. त्याआधी ऑक्टोबर छाटणीची टोळी कोणत्या तारखेला सांगितली आहे ते कळव, म्हणजे मागं मोजत जाऊन मिरजेच्या पार्सल ऑफिसात बाइक कधी न्यायची ते ठरवता येईल.